पुस्तकांचं वजन

कपाट क्रमांक १४ चं दार लागेना, तिथून हे सगळं सुरू झालं. वरच्या मजल्यावर मागच्या खणात हे लोखंडी कपाट, आत जुन्या मासिकांचे बांधीव खंड. आमच्या ग्रंथपालबाईंनी आधी बिजागरीला तेल घातलं, मग एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. पंधरा दिवसांत शेजारच्या १५ नंबरचं दारही तिरकं बसायला लागलं. तेव्हा त्यांनी मला वर बोलावून घेतलं आणि मुलांच्या विभागातली एक काचेची गोटी भिंतीलगत जमिनीवर ठेवली. गोटी आपणहून निघाली, कपाटांच्या मधून गेली आणि खोलीच्या मध्यावर जाऊन थांबली. बाई काही बोलल्या नाहीत. मलाही काही सुचलं नाही.

आमचं वाचनालय बडोद्यात दांडिया बाजारामागच्या एका गल्लीत, जुन्या वाड्यात आहे. पुढे ओटा, मग वर्तमानपत्रांची खोली, मध्ये चौक, मागे दोन मजली ग्रंथसंग्रह. सागवानी खांब, तुळया, कडीपाट आणि चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंती. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी इथे कार्यवाह झाले, त्याआधी तीस वर्षं सभासद होते. इतक्या वर्षांत दर वार्षिक सभेत एक विषय ठरलेला असायचा : जागा पुरत नाही, वर तिसरा मजला चढवा. मीही त्याच बाजूने हात वर करायची. बांधकामाचा आराखडाही एका सभासदांनी काढून दिला होता. त्यात तिसऱ्या मजल्यावर अभ्यासिका आणि गच्चीत पत्र्याची शेड होती.

गोटीच्या दुसऱ्या दिवशी एका ओळखीच्या इंजिनियर काकांना बोलावलं. इथल्या कलाभवनात, म्हणजे जुन्या तंत्रशिक्षण संस्थेत, शिकलेले, सत्तरी ओलांडलेले. जुन्या वाड्यांची कामं त्यांनी पुष्कळ केली आहेत. ते वर गेले, गोटी पाहिली, खाली आले आणि विचारलं, ‘‘एका फळीचं वजन किती?’’

कोणालाच सांगता येईना. पुस्तकं किती, सभासद किती, वर्गणी किती थकली आहे, हे सगळं आम्हाला तोंडपाठ होतं. वजन कधी कोणी विचारलंच नव्हतं.

मग गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या पस्तीवाल्याकडून काटा मागून आणला. (बडोद्यात आम्ही रद्दीला पस्तीच म्हणतो.) तीन फुटी फळीवरच्या कादंबऱ्या उतरवून वजन केलं : २४ किलो. कवितासंग्रहांची फळी १७. मासिकांच्या बांधीव खंडांची ४१. एका कपाटात सहा फळ्या, वर कपाटाचं स्वतःचं पन्नासेक किलो. म्हणजे १४ नंबरचं कपाट साधारण ३०० किलोचं झालं, आणि ते उभं होतं पावणेचार चौरस फूट जागेवर. काकांनी ओट्यावर बसून पाठकोऱ्या कागदावर हिशोब मांडला. चौरस मीटरला साडेआठशे किलोच्या आसपास. दोन कपाटांमधली मोकळी वाट धरून सरासरी काढली तरी तो आकडा घराला झेपणारा नव्हता.

त्यांनी समजावलं ते मला आजही शब्दशः आठवतं, कारण आमचा सगळा विचार त्याने उलटा केला. इमारतीवरच्या भाराचं भारतीय मानक आहे, आय. एस. ८७५, भाग २. त्यात राहत्या घराच्या खोलीला चौरस मीटरला २०० किलो भार धरतात. वाचनाच्या खोलीला ३०० ते ४००. आणि पुस्तकांच्या साठ्याच्या खोलीला ६००, तेही २.२ मीटर उंचीपर्यंत. त्यावर दर मीटर उंचीला आणखी २००. ‘‘तुमचा वाडा घर म्हणून बांधलाय,’’ काका म्हणाले, ‘‘आणि घराच्या माडीवर तुम्ही तिप्पट ओझं ठेवून बसलात. इतकी वर्षं उभा राहिला तो जुन्या सागवानाच्या जिवावर. आता तिसरा मजला म्हणताय तो कोणाच्या डोक्यावर?’’

नंतर त्यांनी तुळयांची टोकं उघडी करून पाहिली. भिंतीत गेलेलं जे टोक असतं तेच आधी सडतं, कारण ओल भिंतीतून तिथे पोचते आणि ओलीमागून उधई (वाळवी) येते. तेरापैकी चार तुळयांची टोकं हाताने कुस्करली जात होती. त्याच संध्याकाळी वरचा मागचा खण आम्ही सभासदांसाठी बंद केला. तिसऱ्या मजल्याचा आराखडा कार्यालयाच्या ड्रॉवरमध्ये गेला. मला त्याचं वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. अभ्यासिकेसाठी रोज जागा विचारायला येणारी मुलं डोळ्यांपुढे होती.

पुढचा टप्पा बडोद्यातल्याच मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत गेला. आर्किटेक्टचं काम आमच्याच एका सभासदांच्या सुनेने हाती घेतलं होतं. तिने अट घातली की कागदावर रेघ मारण्याआधी सगळ्या कार्यकारिणीने तिथे जाऊन ग्रंथसाठा पाहून यायचा. आमच्यातले बरेचसे लहानपणापासून तिथे जात आलेले. मी स्वतः कॉलेजात असताना तिथे तासन् तास बसले आहे. पण पुस्तक शोधायला जाणं वेगळं आणि इमारत पाहायला जाणं वेगळं.

तिथे लोखंडी रॅकच्या रांगांमध्ये उभं राहिल्यावर तिने विचारलं, ‘‘या पुस्तकांचा भार कोण घेतंय?’’ आम्ही भिंतीकडे पाहिलं. ती म्हणाली, ‘‘भिंत नाही. रॅकच.’’ रॅकचे लोखंडी उभे दांडेच मजल्यामागून मजला वर जातात, फळ्या त्यांना, वरच्या मजल्याची जमीनही त्यांनाच. सगळं ओझं त्या दांड्यांमधून सरळ पायात उतरतं. आणि जमीन म्हणजे जाड काचेच्या लाद्या. वरच्या मजल्यावरचा उजेड त्यातून झिरपून खालच्या वाटेत येतो. मी खाली उभी होते आणि डोक्यावरून कोणी चालत गेलं तेव्हा पावलांच्या सावल्या सरकताना दिसल्या. विजेचा भरवसा नव्हता आणि पुस्तकांजवळ दिवा नेणं म्हणजे आगीला बोलावणं होतं, त्या काळातली ही युक्ती. लाकूड कमीत कमी, लोखंड आणि काच जास्त.

आमच्याबरोबर अध्यक्षकाका होते, वय ८३. त्यांना त्या काचेवर पाऊल ठेवताना भीती वाटत होती म्हणून मी हात धरला होता. चालता चालता ते बोलत होते. १९०६ साली सयाजीराव महाराजांनी सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. शिकलेलं पोर शाळा सुटल्यावर अक्षर विसरू नये म्हणून गावोगाव वाचनालयं हवीत, हा पुढचा विचार. त्यासाठी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथालयतज्ज्ञ विल्यम बोर्डन यांना आणलं. ते १९१३ पर्यंत इथे होते आणि त्यांनी इथली माणसं तयार केली. त्यानंतर काम पुढे नेलं ते जनार्दन सखाराम कुडाळकरांनी. इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत ग्रंथालयांचं नियतकालिक १९१२ मध्ये बडोद्यातून निघत होतं, हे मी त्या दिवशी काकांच्या तोंडून प्रथम ऐकलं. इतकी वर्षं या गावात वाचनालयाचं काम करते आणि हे मला ठाऊक नव्हतं.

परत येताना रिक्षात आर्किटेक्ट म्हणाली, ‘‘काकू, आपण वर नको चढूया. मागच्या खणातली सडलेली माडी काढून टाकूया आणि त्या पोकळीत रॅकच उभे करूया. स्वतःच्या पायावर उभे, भिंतीला न टेकता.’’

हाच आमचा ‘विस्तार’ झाला. अठरा फूट बाय चोवीस फुटांचा मागचा खण वरपर्यंत मोकळा केला तर आत लोखंडी सांगाडा दोन थरांचा बसत होता. प्रत्येक दांड्याखाली काँक्रीटचा स्वतंत्र पाया. जुन्या भिंतीपासून दोन इंच अंतर, म्हणजे भिंतीची ओल पुस्तकांना लागणार नाही आणि मधून हवा खेळेल. कपाटांना दारं होती, दार उघडायला जागा लागत होती. ती गेल्यामुळे रांगा जवळ आल्या. हिशोब केला तर त्याच खणात पूर्वीच्या दीडपट पुस्तकं मावत होती आणि वाड्याच्या लाकडावर एका किलोचाही भार नव्हता. पुढची माडी, जिथे पूर्वी बारा कपाटं होती, ती अभ्यासिकेला मोकळी झाली. माणसं बसली तर तिला झेपणारी होतीच.

पैशांबद्दल थोडक्यात सांगते. बडोदे संस्थानात ग्रंथालयाच्या खर्चाची तिहेरी वाटणी होती : एक तृतीयांश लोकांनी उभारायचा, एक तृतीयांश प्रांत पंचायतीने, एक तृतीयांश सरकारने. वाचनालयाची इमारत बांधायची तरी तेच. अध्यक्षकाकांनी सभेत हे सांगितलं आणि आम्ही आमची वाटणी तशीच केली. एक भाग सभासदांचा, एक भाग गावातल्या देणगीदारांचा, एक भाग अनुदानाचा. पहिले दोन सहा महिन्यांत जमले. तिसऱ्यासाठी एका कार्यालयात माझ्या चौदा फेऱ्या झाल्या. एकदा मूल्यांकन जुनं म्हणून, एकदा नकाशावर सही निळ्या शाईत नाही म्हणून, एकदा फाईल सापडत नाही म्हणून. जे मिळालं ते काम संपल्यावर मिळालं. त्या काळात सुताराचे आणि लोहाराचे पैसे थकू नयेत म्हणून तीन सभासदांनी बिनव्याजी रक्कम दिली. त्यांची नावं लावू नका असं त्यांनीच सांगितलं आहे.

पुस्तकं हलवण्याचं काम मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण ज्यांना हे करायचं आहे त्यांना कोणी सांगत नाही.

आधी आम्ही वाण्याकडून खोकी गोळा केली. ग्रंथपालबाईंनी ती सगळी परत पाठवली. डाळ-तांदळाच्या खोक्यात कीड असते, साबणाच्या खोक्याचा वास कागदात मुरतो. नवी कोरी खोकी आणली, लहान आकाराची. पंधरा किलोच्या वर खोकं जाता कामा नये, कॉलेजातल्या मुलीला एकटीने उचलता आलं पाहिजे, हा त्यांचा नियम. पुस्तक खोक्यात उभं किंवा पाठीवर टेकून, तोंड खाली कधीच नाही. पान खाली करून ठेवलं की आठवड्यात शिवण सुटते. सुतळीने गठ्ठे बांधायचे नाहीत. सुतळी कव्हरच्या कडा कापते. खूप जीर्ण असलेल्यांना रुंद सुती पट्टीने सैल बांधायचं. आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत काहीही बंद करायचं नाही. मला वाटायचं प्लॅस्टिक म्हणजे सुरक्षित. बाईंनी एक जुनी पिशवी उघडून दाखवली, आतल्या पुस्तकाच्या कडेला हिरवट बुरशी धरली होती. कागदात ओल असतेच, तिला बाहेर जायला वाट लागते.

प्रत्येक खोक्याच्या दोन बाजूंना क्रमांक. १४/३/२ म्हणजे १४ नंबरचं कपाट, वरून तिसरी फळी, त्यातलं दुसरं खोकं. वहीत तोच क्रमांक, समोर पहिल्या आणि शेवटच्या पुस्तकाचा दाखल अंक आणि खोकं कोणाच्या घरी गेलं ते. अकराशे चाळीस खोकी झाली. एप्रिलच्या उन्हात पंचवीस-तीस मुलं रोज सकाळी सात ते दहा गल्लीत रांग करून उभी राहायची. हातोहात खोकी टेम्पोपर्यंत जायची. शेजारच्या बेन ताकाची बादली ओट्यावर आणून ठेवायच्या. खोकी सभासदांच्या घरी गेली : कोणाकडे वीस, कोणाकडे सहा, एका निवृत्त प्राध्यापकांनी अख्खी खोली दिली.

भाषाशुद्धीपासून पाककृतीपर्यंत सगळी पुस्तकं हातांतून गेली तेव्हा छाटणीचाही प्रश्न आला. एका पुस्तकाच्या नऊ-नऊ प्रती होत्या. कार्यकारिणीत यावर दोन संध्याकाळी भांडण झालं. माझं मत आजही तेच आहे. ज्या पुस्तकाची प्रत गावात दुसरीकडे नाही ते फाटकं असलं तरी राहिलं पाहिजे, आणि ज्याच्या नऊ प्रती आहेत त्याच्या दोन ठेवून बाकीच्या शाळांना दिल्या पाहिजेत. जागेसाठी भिंती पाडायच्या आधी फळ्या तपासाव्यात.

मे महिन्यात मागची माडी उतरवली. कडीपाटाच्या फळ्या एकेक क्रमांक घालून काढल्या. चांगलं सागवान पुढच्या तुळयांच्या सांध्यांना वापरलं. भिंतींचं काम एका वयस्क कडियाभाईंकडे (गवंड्यांकडे) होतं. काही दशकांपूर्वी कोणीतरी चांगल्या हेतूने आतल्या भिंतींना सिमेंटचा गिलावा केला होता, वर तैलरंग. कमरेच्या वर सगळीकडे लोणा, म्हणजे क्षाराचा पांढरा थर, फुटला होता. कडियाभाईंनी करणीच्या टोकाने गिलावा ठोकला, पोकळ आवाज आला, आणि एक पापुद्रा हातभर निघून पडला. मागची वीट ओलीकिच्च. ‘‘बेन, आ भींत अंदरथी रडे छे,’’ ते म्हणाले. ही भिंत आतून रडतेय.

जोत्याखालून ओल विटेत चढते. चुन्याचा गिलावा असेल तर ती वाटेत वाळून जाते. सिमेंटने आणि तैलरंगाने तोंड बंद केलं की ती आणखी वर चढते आणि बरोबर क्षार नेते. आमच्या तुळयांची टोकं सडली ती या ओलीनेच. म्हणजे गोटी मध्यावर जाऊन थांबली याला पुस्तकांचं वजन निम्मं कारण, आणि निम्मं हा गिलावा. एका ठेकेदाराने ‘सिमेंटच करू, चार दिवसांत आटपतं’ असं सांगितलं होतं आणि आम्ही जवळजवळ होही म्हटलं होतं. चुन्याला वेळ लागतो. चुनकळी हौदात विरवली ती महिनाभर पाण्याखाली ठेवली. मग वाळू, सुरखी (विटांची भुकटी). गिलाव्याचा थर पातळ, एक सुकायच्या आत दुसरा नाही, आणि रोज दोनदा पाण्याचा शिडकावा. मी रोज दुपारी जाऊन तळहात भिंतीला लावून बघायची. पहिल्या दिवसांत गार आणि दमट लागायची, पुढे हळूहळू कोरडी होत गेली.

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीला पूर आला. बडोदेकरांना तो सांगायला नको. दिवसचे दिवस पाऊस, नदी धोक्याच्या पातळीच्या कितीतरी वर, कित्येक वस्त्यांमध्ये पहिल्या मजल्यापर्यंत पाणी. आमच्या गल्लीत पाणी ओट्याच्या दुसऱ्या पायरीला लागून थांबलं. दीड फुटाच्या जोत्याने वाडा वाचवला. पण रॅकच्या पायांसाठी खणलेले खड्डे काठोकाठ भरले, आणि नदीकाठच्या एका सोसायटीत सभासदांच्या तळमजल्यावर ठेवलेली अकरा खोकी भिजली. ती खोकी तिथे ठेवायचा निर्णय माझा होता. वरचा मजला रिकामा होता, जिना अरुंद म्हणून मीच खाली ठेवा म्हटलं होतं.

पाणी ओसरताच आम्ही सहा जणी तिथे पोचलो. भिजलेल्या पुस्तकाला अठ्ठेचाळीस तासांत हात लागला नाही तर बुरशी धरते. बाईंनी भराभर तीन ढीग केले. नुसती कडेने ओली झालेली पंख्याखाली, पानं पंख्यासारखी उघडून उभी. आतपर्यंत ओली झालेल्यांमध्ये दर दहा-बारा पानांना टिपकागद, आणि तो दर तीन तासांनी बदलायचा. उन्हात एकही नाही, उन्हात पान वेडंवाकडं होतं आणि शिवण आखडते. आणि जी इतकी होती की हाताळायला वेळ मिळणार नव्हता, ती कागदात गुंडाळून एका आइस्क्रीमवाल्यांच्या डीप फ्रीझरमध्ये. गोठलं की बुरशी थांबते, मग सवडीने एकेक काढून वाळवता येतं. गुळगुळीत कागदाची चित्रांची पुस्तकं चिकटून वीट झाली, ती गेली. ३१८ पुस्तकांपैकी २५२ वाचली. गेलेल्यांमध्ये एक बडोद्यात छापलेली मराठी व्याकरणाची पुस्तिका होती, जिची दुसरी प्रत आम्हाला अजून कुठे सापडलेली नाही.

पुरानंतर आराखडा पुन्हा उघडला. वजन म्हणत होतं पुस्तकं खाली ठेवा, पाणी म्हणत होतं वर ठेवा. इंजिनियर काका आणि आर्किटेक्ट दोघांनी मिळून उत्तर काढलं ते असं : सांगाडा स्वतःच्या पायावर असल्यामुळे वर काय आणि खाली काय, वाड्याला सारखंच. तेव्हा निर्णय पाण्यालाच विचारून करायचा. खालच्या थरात जमिनीपासून दोन फूट काहीच नाही, नुसते रंगवलेले लोखंडी पाय, पाणी आलं तर धुऊन पुसता येतील असे. त्यावर पाच फळ्या, त्यांत बाजारात पुन्हा मिळतील अशी पुस्तकं. वरच्या थरात सहा फळ्या, तिथे बांधीव खंड, हस्तलिखितं आणि एकमेव प्रती. विजेची सगळी बटणं आणि मुख्य स्विच ग्रंथसाठ्याच्या दाराबाहेर, डोक्याच्या उंचीवर. रात्री बाई कुलूप लावतात तेव्हा आत एकही तार जिवंत नसते.

वरच्या थराच्या जमिनीला काच हवी अशी माझी फार इच्छा होती. खर्च झेपला नाही. मग लोखंडी जाळीचं ठरलं, उजेड आणि हवा दोन्ही खाली जातात. बायकांनी स्पष्ट विरोध केला. खाली माणसं असताना जाळीवरून साडी नेसून कोण चालेल? त्यांचं म्हणणं बरोबर होतं आणि ते नकाशा काढताना आमच्या कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं, मी स्वतः बाई असून. शेवटी चालायच्या वाटेवर भरीव पत्रा आणि दोन्ही भिंतींलगत, खिडक्यांखाली, वीतभर रुंदीची जाळीची पट्टी. सकाळी दहाच्या सुमाराला त्या पट्टीतून उजेडाची एक रेघ खालच्या थरातल्या फळ्यांवर पडते आणि पुस्तकांच्या पाठीवरची नावं दिवा न लावता वाचता येतात.

चौकावरचे पत्रे काढून तिथे उंच छप्पर घेतलं, चहूबाजूंनी झडपा ठेवल्या. वर्तमानपत्रांचं मेज होतं तिथेच, दाराशी. ते हलवायला ज्येष्ठांनी साफ नकार दिला आणि ते योग्यच होतं. बायकांसाठी स्वच्छतागृह झालं. इतक्या वर्षांत ते नव्हतं. अभ्यासिकेत मुली संध्याकाळी उशिरापर्यंत का थांबत नाहीत यावर आम्ही सभांमधून चर्चा करत होतो आणि कारण हे होतं.

उताराचं सांगायचं राहिलं. चाकाच्या खुर्चीसाठी उतार करायचा तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते. आमचं जोतं दीड फूट, म्हणजे अठरा फूट. ओट्यापुढे गल्लीच दहा फुटांची. जोतं उतरवावं तर पुरात तेच उपयोगी पडलेलं. शेवटी बाजूच्या बोळातून उतार नेला, मध्ये वळण, वळणावर खुर्ची फिरवता येईल एवढी सपाट जागा. बोळ शेजाऱ्यांच्या वहिवाटीचा. त्यांनी एक शब्द न काढता परवानगी दिली, फक्त दिवाळीत तिथे रांगोळी काढू द्या म्हणाले.

मार्च २०२५ पासून खोकी परत यायला लागली. वहीतल्या क्रमांकांप्रमाणे फळ्या भरत गेलो. १४/३/२ हातात आलं तेव्हा बाईंनी ते स्वतः वर नेलं. पहिल्या आठवड्यात अध्यक्षकाका बोळातल्या उतारावरून आत आले, काठी टेकत, पण कोणाचा हात न धरता. ग्रंथसाठ्याच्या दारात उभे राहून त्यांनी मला विचारलं, ‘‘खालचे दोन फूट रिकामे का?’’ पाणी आत आलंच तर इथवर, म्हणून बाईंनी भिंतीवर आखलेली खडूची रेघ मी दाखवली. त्यांनी वाकून ती पाहिली आणि मान हलवली.

सहा खोकी अजून यायची आहेत. ती एका आजींकडे आहेत, एकट्याच राहतात. परवा फोन केला तर म्हणाल्या, ‘‘अगं, पाच खोकी वाचून झाली. सहाव्यातला तिसरा खंड चालू आहे. सोमवारी नातवाबरोबर पाठवते.’’ वरच्या थरातली तेवढी जागा बाईंनी रिकामी ठेवली आहे, कडेला खोक्यांचे क्रमांक लिहून.